रस्त्याखालची गोधडी: बाटल्या आणि चिंध्यांपासून बनलेलं जिओटेक्स्टाईल कसं पारखायचं

काळ्या मातीवर रस्ता केला की दोन पावसाळ्यांत त्याचं काय होतं, हे मराठवाड्यात आणि विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही. डांबर फाटतं, चाकोऱ्या पडतात. खणून पाहिलं तर खालची खडी जागेवर नसते. काही खडी चिखलात रुतलेली असते आणि चिखल उरलेल्या खडीच्या फटींमधून वर चढलेला असतो. ओली माती, तिच्यावर खडी आणि त्यावरून जाणारं ओझं, असं तिन्ही जमलं की हे थर एकमेकांत मिसळणारच. मिसळलेल्या थराला ना खडीची ताकद असते, ना त्यातून पाणी निघून जातं.

यावर उपाय म्हणून माती आणि खडी यांच्या मध्ये एक कापड अंथरतात. ते मातीला वर येऊ देत नाही आणि खडीला खाली जाऊ देत नाही, पण पाण्याला वाट देतं. हे जिओटेक्स्टाईल. त्याचा एक प्रकार विणलेला असतो, गोणपाटासारखा, उभे-आडवे धागे मोजता येतील असा. दुसरा नॉनवोव्हन, म्हणजे न विणलेला. त्यात धागाच नसतो. सुटे तंतू एकमेकांत गुंतवून घट्ट केलेले असतात. हाताला जाड घोंगडीसारखा लागतो. हा लेख त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि त्यातही जुन्या बाटल्या, फाटक्या गोण्या, कपड्यांच्या चिंध्या अशा पुनर्वापरातल्या तंतूंचं मिश्रण करून बनवलेल्या कापडाबद्दल.

असं कापड नव्या तंतूंच्या कापडापेक्षा स्वस्त पडतं, म्हणून बाजारात त्याला मागणी आहे. चांगलं बनवलेलं कापड बऱ्याच कामांना पुरेसंही असतं. फसवणूक होते ती बहुतेक वेळा सरासरीच्या आकड्यात. रोलवर लिहिलेलं असतं २०० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम, आणि वजन केलं तर ते भरतंही. पण रोलच्या एका जागी १५० आणि दुसऱ्या जागी २५० असेल तर सरासरी २००च येणार, आणि खडी फाडणार १५०च्या जागी. पुनर्वापराच्या मिश्रणात नेमका हा सारखेपणाच टिकवायला कठीण जातो. पुढचं जवळजवळ सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे.

तंतू येतात कुठून

सर्वांत मोठा पुरवठा पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा. बाटली पीईटीची असते, म्हणजे पॉलिएस्टरचीच. तिचे तुकडे करून कास्टिक सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुतात. पीईटीची घनता १.३८ आहे आणि झाकणाच्या प्लॅस्टिकची १ पेक्षा कमी, त्यामुळे पाण्याच्या हौदात बाटलीचे तुकडे बुडतात, झाकणं तरंगतात आणि वरच्यावर काढता येतात. लेबल किंवा वेष्टनातून आलेलं पीव्हीसी मात्र पीईटीबरोबरच तळाला जातं. ते घातक ठरतं. पीईटी वितळवायला २६० अंशांच्या वर जावं लागतं. त्या तापमानाला पीव्हीसीचं विघटन होतं आणि त्यातून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल पीईटीच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतं. तंतू पिवळसर पडतो, त्यात काळे ठिपके येतात. दुसरा शत्रू म्हणजे ओलावा. तुकडे नीट वाळवले नाहीत तर वितळताना पाणीही तेच करतं, साखळ्या तोडतं. म्हणून चांगल्या कारखान्यात ओलाव्याचा अंश ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भागांच्या) खाली आणल्याशिवाय माल यंत्रात घालत नाहीत. साखळी जितकी आखूड, तंतू तितका ठिसूळ.

दुसरा स्रोत पॉलिप्रॉपिलीनचा: सिमेंट-खताच्या गोण्या आणि कारखान्यातच निघालेली कापडाची कातरण. हे प्लॅस्टिक हलकं, घनता ०.९१, आणि साधारण १६५ अंशांना वितळणारं. कारखान्यातली कातरण चांगली, कारण ती एकाच जातीची आणि उन्हात न पडलेली असते. वापरून उन्हात सुकलेल्या गोणीचं प्लॅस्टिक आधीच अर्धं आयुष्य जगून आलेलं असतं.

तिसरा स्रोत चिंध्यांचा. जुने कपडे दातेरी रोलरांवर ओरबाडून त्यांचे परत तंतू करतात. पानिपत हे याचं देशातलं मोठं केंद्र. या तंतूंना शॉडी म्हणतात. दोन गोष्टींमुळे हा माल अवघड जातो. ओरबाडल्याने तंतू आखूड होतात, पुष्कळदा २५ मिलिमीटरच्याही आत. नव्या स्टेपल, म्हणजे ठरावीक लांबीला कापलेल्या, तंतूची लांबी ५० ते १०० मिलिमीटर असते. आणि त्यात नक्की काय आहे हे कुणालाच ठाऊक नसतं: सुती, पॉलिएस्टर, लोकर, अ‍ॅक्रिलिक, सगळं एकत्र. वर चेनचे दात, बटणांचे तुकडे, टाचण्या.

पिंजण, थर आणि सुया

गादी भरणारा पिंजारी जे करतो, तेच इथे यंत्र करतं. वेगवेगळ्या गाठींमधले तंतू प्रमाणात मोजून घेतात, मोकळे करतात, मोठ्या पेटीत हवेने घुसळतात आणि कार्डिंग, म्हणजे पिंजण्याच्या, यंत्रावर पातळ जाळी काढतात. ही जाळी मागे-पुढे घड्या घालत पट्ट्यावर अंथरली की जाड, भुसभुशीत थर तयार होतो. मग सुयांची फळी वर-खाली होत त्याला टोचते. सुईच्या तिन्ही कडांवर बारीक खाचा असतात. खाली जाताना त्या वरचे तंतू पकडून तळापर्यंत ओढतात, वर येताना सोडून देतात. दर चौरस सेंटिमीटरला शे-दोनशे टोचे बसले की भुसभुशीत थराचं कापड होतं. गोधडीला टाके घालतात तसंच, फक्त इथे दोरा वेगळा नसतो. थरातलाच तंतू दोऱ्याचं काम करतो.

चूक होण्याच्या जागा इथेच आहेत. गाठी नीट मिसळल्या नाहीत तर रोलमध्ये एका जातीचे पट्टे येतात. आखूड तंतू कार्डिंगमध्ये खाली गळतात किंवा उडतात, आणि उरलेली जाळी ढगांसारखी विरळ-दाट होते. घड्या घालताना पट्ट्याच्या दोन्ही कडांना जास्त माल साचतो, मग कड जड आणि मध्य हलका. टोचे वाढवत नेले की ताकद एका टप्प्यापर्यंत वाढते, त्यानंतर सुया तंतू ओढण्याऐवजी तोडू लागतात आणि ताकद उतरते. नव्या, लांब तंतूत हा टप्पा उशिरा येतो. पुनर्वापराच्या तंतूत तो लवकर येतो, कारण तंतू मुळातच आखूड आणि कमी ताकदीचा. नव्या तंतूसाठी बसवलेलं यंत्र तसंच ठेवून त्यात बाटलीचा तंतू घातला, की कापड पुठ्ठ्यासारखं कडक होतं आणि तरी चटकन फाटतं. अशा कापडावर सुयांच्या ओळी उघड दिसतात.

मिश्रणात पॉलिप्रॉपिलीन असेल तर आणखी एक युक्ती करता येते. कापड गरम रोलरमधून काढलं की १६५ अंशांच्या आसपास पॉलिप्रॉपिलीन मऊ होऊन डिंकासारखं चिकटतं आणि पीईटी, ज्याला वितळायला २५० च्या पुढे जावं लागतं, तसंच राहतं. पृष्ठभाग गुळगुळीत होतो, सुटे तंतू बसतात. पण उष्णता जास्त झाली की वरच्या थराची पापुद्र्यासारखी फिल्म होते आणि पाण्याची वाट बंद होते. नख फिरवल्यावर प्लॅस्टिकच्या कागदासारखा चकाकता थर लागला तर ते कापड निचऱ्याला घेऊ नका.

मिश्रण करायचं तरी कशाला

केवळ स्वस्ताईसाठी नाही. तंतूची जाडी डेनियरमध्ये मोजतात: ९,००० मीटर तंतूचं ग्रॅममधलं वजन. ६ डेनियरचा तंतू घेतला तर २०० जीएसएमच्या एका चौरस मीटरमध्ये ३०० किलोमीटर तंतू बसतो. मुंबई ते औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) हे अंतर साधारण तेवढंच, आणि ते सगळं एका लहान चटईएवढ्या तुकड्यात. तंतू जेवढा बारीक, तेवढी लांबी जास्त, फटी लहान आणि माती अडवायची क्षमता चांगली. जाड तंतूचं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. तो दाबाखाली कमी चेपतो, म्हणून कापडाची जाडी आणि पाण्याची वाट टिकते.

म्हणून विचारपूर्वक केलेलं मिश्रण दोन्ही साधतं. निम्मे वजन ३ डेनियरचं आणि निम्मं १२ डेनियरचं घेतलं तर २०० जीएसएममध्ये बारीक तंतू ३०० किलोमीटर आणि जाड तंतू ७५ किलोमीटर होतो. फटींचा आकार बारीक तंतू ठरवतो, अंग जाड तंतू धरतो. तसंच पीईटी आणि पॉलिप्रॉपिलीनचं. ६ डेनियरलाच पीईटीचा तंतू सुमारे २५ मायक्रॉन आणि पॉलिप्रॉपिलीनचा ३० मायक्रॉन जाड भरतो, कारण तो हलका आहे. तेवढ्याच वजनात पॉलिप्रॉपिलीन जास्त जागा व्यापतं.

प्रमाण कागदावर ठरवणं सोपं, रोज तेच प्रमाण यंत्रात जाणं अवघड. आज गाठीतला तंतू ६ डेनियरचा आणि पुढच्या आठवड्यात ८चा आला, तर जीएसएम तेच राहूनही कापडाचे सगळे गुण बदलतात.

दोन ग्रॅमचा तुकडा

साइटवर रोल उतरला की प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आधी एक काम करता येतं. रोलच्या सुरुवातीचा अर्धा मीटर सोडून द्या. पुढे रुंदीभर, कडेपासून कडेपर्यंत, १० सेंटिमीटर बाय १० सेंटिमीटरचे दहा तुकडे पट्टी लावून कापा. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा लागेल. तुकड्याच्या वजनाला १०० ने गुणलं की जीएसएम. २०० जीएसएमचा तुकडा २ ग्रॅम भरायला हवा. दहाही वजनं लिहून काढा. १.९ ते २.१ च्या दरम्यान असतील तर कारखान्याचा हात बसलेला आहे. १.५ ते २.५ असतील तर सरासरी काहीही येवो, रोल परत पाठवा.

मग प्रत्येक तुकडा कागदावर जोरात झटका आणि परत वजन करा. चिंध्यांच्या मालात धूळ आणि तुटलेले बारीक तंतू असतात. ते वजन वाढवतात, ताकद वाढवत नाहीत. पावसाळ्यात सुती अंशाचं कापड हवेतला ओलावा धरूनही जड होतं, म्हणून शंका आली तर तुकडे वाळवून मोजा. शेवटी कापड उन्हाकडे धरून आरपार पाहा. ढगाळ, कुठे उजेड कुठे काळोख असं दिसलं, तर काट्याने सांगितलेलंच डोळ्यांना दिसतं आहे.

मिश्रणात काय आहे याचाही ढोबळ अंदाज घेता येतो. ग्रॅमभर तंतू सुटे करून पाण्याच्या ग्लासात टाका, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला आणि बुडबुडे निघेपर्यंत ढवळा. पॉलिप्रॉपिलीन वर येईल, पीईटी तळाला बसेल. दोन्ही वाळवून वजन केलं की प्रमाण कळतं. तळाच्या तंतूंची चिमूट जाळून पाहा: पीईटी वितळतं, काळा धूर काढत कडक मणी होतं. सुती तंतू कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि मऊ राख उरते. राख दिसली तर त्या रोलबद्दल पुढचे प्रश्न विचारायलाच हवेत. नेमकं प्रमाण हवं असेल तर प्रयोगशाळेत एकेक तंतू विरघळवून काढतात. मुंबईची बीटीआरए ही जिओटेक्स्टाईलच्या चाचण्यांसाठी आणि इचलकरंजीची डीकेटीई ही नॉनवोव्हनसाठी ओळखली जाते.

ताकद: ताणणं आणि घसरणं

ताकदीच्या तीन चाचण्या नेहमी दिसतात. ग्रॅब चाचणीत कापड मधोमध चिमट्यात पकडून ओढतात. ट्रॅपेझॉइड चाचणीत आधी चीर पाडून ती किती बळाने पुढे सरकते ते पाहतात. सीबीआर चाचणीत ५० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या कापडात घुसवतात. भारतात थर वेगळे ठेवण्याच्या कापडासाठी आयएस १६३९१ आणि जमिनीखालच्या निचऱ्याच्या कापडासाठी आयएस १६३९३ हे भारतीय मानक आहे. रस्त्यांच्या कामात आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेसचं) एसपी ५९ पाहतात. अमेरिकेतल्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या आश्टो या संघटनेच्या एम २८८ या मानकाचे आकडे इथेही खूप वापरले जातात. त्याच्या दुसऱ्या वर्गात तुटण्याआधी ५० टक्क्यांहून जास्त ताणल्या जाणाऱ्या कापडाला ग्रॅब ७०० न्यूटन, चीर २५० आणि दट्ट्या १,३७५ न्यूटन लागतात. कमी ताणणाऱ्या कापडाला हेच आकडे १,१००, ४०० आणि २,२००.

ताणणाऱ्या कापडाला सूट का? खडीचं टोक खुपसलं तर ताणणारं कापड त्या टोकाभोवती वाकतं आणि ओझं आजूबाजूला वाटून देतं. न ताणणाऱ्याला ते तिथल्या तिथे झेलावं लागतं. पण ही सूट पुनर्वापराच्या मालात फसवते. लांब तंतूंचं कापड ताणलं जातं तेव्हा गुंता आवळत जातो आणि शेवटी तंतू तुटतात. आखूड तंतूंचं कापडही ८० टक्के लांबतं, पण तिथे तंतू नुसते एकमेकांवरून घसरत असतात. फाटलेल्या कडेकडे पाहा. तंतू तुटले असतील तर कड आखूड आणि खरखरीत असते. घसरले असतील तर इंचभर लांब केसाळ झुबके बाहेर लोंबतात, पुरणपोळीसाठी मळलेली सैल कणीक ओढल्यावर लांबत जाऊन तुटावी तसे. अशा कापडाचं ताणणं कामाला येत नाही.

आता सारखेपणाचं गणित. मानकातला ७०० न्यूटन हा सरासरीचा आकडा नसतो. तो रोलच्या किमान सरासरी मूल्याचा असतो: सरासरीतून प्रमाण विचलनाची (आकडे सरासरीपासून किती इकडेतिकडे जातात त्या मापाची) दुप्पट वजा करून येणारा. दोन कारखान्यांच्या कापडाची सरासरी ८०० न्यूटनच आहे असं समजा. पहिल्याची चढ-उतार ५ टक्के, म्हणजे विचलन ४०. ८०० वजा ८०, आले ७२०. पास. दुसऱ्याची १० टक्के, विचलन ८०. ८०० वजा १६०, आले ६४०. नापास. बाटल्या, चिंध्या, गोण्या यांचा कच्चा माल रोज बदलतो, त्यामुळे दुसऱ्या कारखान्याची पाळी या धंद्यात वारंवार येते. त्यावरचा प्रामाणिक उपाय म्हणजे सरासरी वर नेणं: २०० जीएसएमच्या जागी २५० करणं. तरीही ते नव्या तंतूच्या कापडापेक्षा स्वस्त पडत असेल तर व्यवहार चोख आहे. म्हणून पुरवठादाराकडे नेहमी किमान सरासरी मूल्यं मागा, ‘टिपिकल’, म्हणजे नुसत्या सरासरीची, मूल्यं घेऊ नका.

ताकदीची आडवी-उभी दिशाही पाहा. घड्या घालून अंथरलेल्या जाळीत तंतू रुंदीच्या दिशेला जास्त असतात, म्हणून रोलच्या लांबीच्या दिशेला ताकद बहुधा कमी भरते. मानकाची अट कमकुवत दिशेलाही पुरी व्हावी लागते.

पाणी आणि माती

२०० जीएसएमचं, २ मिलिमीटर जाडीचं पीईटी कापड घेतलं तर त्यात तंतू फक्त ७ टक्के जागा व्यापतो. उरलेली ९३ टक्के मोकळी जागा. वर भराव पडून तेच कापड १ मिलिमीटर झालं तरी ८५ टक्के मोकळं राहतं. म्हणूनच पाणी सहज जातं. ही क्षमता परमिटिव्हिटीत मोजतात. परमिटिव्हिटी ०.५ असेल तर ५ सेंटिमीटर पाण्याच्या उंचीखाली चौरस मीटरमधून सेकंदाला २५ लिटर पाणी जातं. कोरड्या नव्या कापडावर कधी पाण्याचा थेंब मोत्यासारखा उभा राहतो. तो तंतूंवर लावलेल्या तेलकट लेपाचा किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या स्वभावाचा परिणाम. थोडी उंची मिळाली की पाणी आत शिरतं.

फटींचा आकार बारीक काचमण्यांनी मोजतात. ज्या आकाराचे ९५ टक्के मणी अडतात, तो आकार. एम २८८ प्रमाणे निचऱ्याच्या चरात, मातीतले १५ टक्क्यांहून कमी कण ०.०७५ मिलिमीटरच्या चाळणीतून जात असतील तर फट ०.४३ पर्यंत चालते. १५ ते ५० टक्के जात असतील तर ०.२५, आणि ५० टक्क्यांच्या वर ०.२२ मिलिमीटर. काळ्या मातीसारख्या चिकट मातीला ०.३० पर्यंत सूट आहे, कारण तिचे कण सुटे वाहत नाहीत, ढेकळाने एकत्र राहतात. खरा त्रास पोयट्याचा आणि नदीकाठच्या गाळाचा. तो कण ना चिकट, ना जड. तो कापडात शिरून अडकतो आणि निचरा हळूहळू बंद होतो. अशा ठिकाणी त्याच मातीबरोबर कापडाची ग्रेडियंट रेशो चाचणी (कापड किती तुंबतं ते पाहणारी) करून घ्यावी आणि आकडा ३ च्या वर गेला तर दुसरं कापड घ्यावं.

असमान कापडाचं इथे दुहेरी नुकसान होतं. विरळ जागेतून माती वाहते आणि दाट जागा गच्च होते. एकाच चरात दोन्ही रोग.

किती वर्षं

न विणलेल्या पॉलिएस्टरला टिकण्याचा जुना दाखला आहे. फ्रान्समधल्या वालक्रो या १७ मीटर उंचीच्या मातीच्या धरणात १९७० साली असं कापड गाळणी म्हणून घातलं. नंतर काढलेल्या नमुन्यांत ते काम करताना आढळलं. पण ते नव्या तंतूचं होतं.

पुनर्वापराच्या पीईटीला चुन्याचं आणि सिमेंटचं वावडं असतं. ताज्या काँक्रीटचं आणि चुना मिसळलेल्या मातीचं पीएच १२ च्या पुढे असतं आणि पीईटीला ९ च्या वर त्रास सुरू होतो. अल्कली तंतूचा पृष्ठभाग खात जाते. बारीक तंतू लवकर संपतो. त्यातच पुनर्वापरात तुटलेल्या साखळ्यांची टोकं जास्त असतात आणि पाणी तिथूनच साखळी आणखी तोडतं. काळी माती चुन्याने स्थिर करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. त्या थराला लागून बाटलीच्या तंतूचं कापड घालू नका. तिथे पॉलिप्रॉपिलीन घ्या. पॉलिप्रॉपिलीनला अल्कलीचं काही वाटत नाही. त्याला ऊन मारतं. काजळी किंवा उन्हापासूनचं रसायन न घातलेलं पॉलिप्रॉपिलीन मे महिन्यात साइटवर उघडं पडलं तर पाहता पाहता भुगा होऊ लागतं. मानकात उन्हाच्या ५०० तासांच्या चाचणीनंतर निदान ५० टक्के ताकद उरायला हवी, आणि अंथरल्यावर १४ दिवसांत झाकायला हवं. आपल्याकडच्या उन्हात ते दोन दिवसांत झाकलेलं बरं.

चिंध्यांमधला सुती तंतू ओल्या मातीत काही महिन्यांत कुजतो. एम २८८ ची अट आहे की कापडात वजनाने निदान ९५ टक्के पॉलिओलेफिन (पॉलिप्रॉपिलीनच्या कुळातलं प्लॅस्टिक) किंवा पॉलिएस्टर हवं. त्यामुळे कायमच्या कामात सुती शॉडीला जागाच उरत नाही. गवत रुजेपर्यंत उतार झाकणं, बांधकामाचा तात्पुरता रस्ता, काँक्रीटच्या क्युरिंगला ओली चादर, अशा कामांत तोच तंतू उत्तम चालतो. तिथे कुजणं हा दोष राहत नाही.

शेततळ्याखाली

पुनर्वापराच्या मिश्रणाला सर्वांत शोभणारी जागा कुठली, तर प्लॅस्टिकच्या अस्तराखालची. शेततळ्यात ५०० मायक्रॉनचं, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचं प्लॅस्टिक अंथरतात. दख्खनच्या मुरमात धारदार दगड बाहेर आलेले असतात. तळ्यात ३ मीटर पाणी भरलं की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३ टन ओझं बसतं आणि दगडाचं प्रत्येक टोक प्लॅस्टिकला टोचत राहतं. खाली जाड नॉनवोव्हन असेल तर टोक त्यात बुडतं. इथे कापडाची जाडी आणि वजन सर्वांत महत्त्वाचं; तंतूची ताकद थोडी कमी असली तरी निभतं. म्हणून नव्या तंतूचं पातळ कापड घेण्यापेक्षा पुनर्वापराच्या पीईटीचं ३०० किंवा ४०० जीएसएमचं कापड घेणं शहाणपणाचं. त्याआधी तळ दाबून घ्या आणि मोठे दगड वेचा. कापड ती मेहनत वाचवत नाही.

फक्त एक गोष्ट इथे जीवघेणी ठरते: कापडात राहिलेला धातू. चेनचा दात किंवा तुटलेली सुई. चिंध्यांच्या मालात सुया जास्त तुटतात आणि दोन सेंटिमीटरचा पोलादी काटा कापडात लपून प्लॅस्टिकखाली जातो. पुरवठादाराने मेटल डिटेक्टरमधून रोल काढला आहे असं लेखी घ्या. नसेल तर अंथरल्यावर चांगलं चुंबक काठीला बांधून सगळ्या कापडावरून फिरवा. या जागी सुती अंशही नको: प्लॅस्टिकखाली कुजलेल्या तंतूंचा गॅस अडकला तर अस्तर फुगून वर येतं.

अंथरताना

कापडाच्या आयुष्यातला सर्वांत कठीण तास म्हणजे वर पहिली खडी पडण्याचा. पुढची वीस वर्षं त्या मानाने सोपी. जमीन सपाट करा, खुंट आणि मुळं काढा. रोल रस्त्याच्या लांबीने सोडा, सुरकुत्या ओढून घ्या. जमीन बऱ्यापैकी घट्ट असेल, म्हणजे तिचा सीबीआर (जमीन किती दाब सोसते त्याचा आकडा) ३ च्या वर, तर जोडाला ३० ते ४५ सेंटिमीटर एकावर एक ठेवा. १ ते ३ असेल तर ६० सेंटिमीटर ते १ मीटर. त्याहून मऊ असेल तर मीटरभर ठेवा किंवा शिवून घ्या. पावसाळ्यात भिजलेली काळी माती याच शेवटच्या दोन गटांत येते, उन्हाळ्यात मोजलेल्या सीबीआरवर भरवसा ठेवू नका. डंपर कापडावर चढवायचा नाही. खडी आधी टाकलेल्या खडीवर रिकामी करायची आणि पुढे ढकलायची. चाक आणि कापड यांच्यात निदान १५ सेंटिमीटर थर हवाच. पाणी साचलेल्या जागी पॉलिप्रॉपिलीन जास्त असलेलं कापड तरंगून सरकतं, तिथे वाळूच्या पिशव्या ठेवा.

आखूड तंतूंचं कापड ओढताना बारीक केस सोडतं. ते प्लॅस्टिकच आहे, आणि वाऱ्याने ओढ्यात जातं. तोडलेले तुकडे आणि केसाळ कडा गोळा करून गोणीत भरा, जाळू नका.

आणि प्रत्येक बॅचच्या रोलमधून मीटरभर तुकडा कापून त्यावर बॅच नंबर, तारीख आणि रस्त्यावर कुठल्या ठिकाणी अंथरला ते लिहा, काळ्या पिशवीत घालून सावलीत ठेवा. दोन पावसाळ्यांनंतर एखाद्या ठिकाणी रस्ता बसला आणि कापड खणून काढावं लागलं, तर शेजारी ठेवून पाहायला मूळचा तुकडा लागतो.